आमची फल्ली, तिचे पाय आणि बाबांचा गोऱ्हा

आमची फल्ली परवा नऊ महिन्यांची झाली. लॅब्रॅडॉर जातीची कुत्री आहे, रंग बरोब्बर भाजलेल्या फल्लीदाण्याचा, म्हणजे शेंगदाण्याचा, म्हणून पोराने पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि तेच राहिलं. आमच्या नागपूरच्या बिल्डिंगमध्ये या दोन महिन्यांत अजून तीन पिल्लं आलीत, एक बीगल, एक गोल्डन आणि एक चौकीदार दादांनी रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी, आणि तिन्ही घरचे लोक मला जिन्यात, पार्किंगमध्ये, दूध आणायला गेले की डेअरीवर एकच विचारतात, हे दमतच नाही हो, किती पळवायचं याला? जानेवारीत मी पण हेच विचारत होते आणि ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं की भरपूर पळवा, दमलं की घरात शांत राहतं. ते ऐकून आम्ही जे केलं त्याचा त्रास फल्लीला झाला. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

ती आली तेव्हा आठ आठवड्यांची होती. लसी पूर्ण होईपर्यंत खाली सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि आपल्याकडे रस्त्यावर कुठलं कुत्रं काय घेऊन फिरलंय ते कळत नाही. तेव्हा मी तिला ओढणीच्या झोळीत घालून त्रिमूर्ती नगरच्या चौकापर्यंत न्यायचे, ऑटो, बसचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, सगळं झोळीतूनच ऐकवायचं. मार्चच्या मध्यात शेवटची लस झाली, मग अजून दहा-बारा दिवस थांबलो आणि तिला पहिल्यांदा रस्त्यावर उतरवलं. आणि मग आम्हाला कोणालाच राहवलं नाही. सकाळी नवरा फुटाळा तलावावर वॉकला न्यायचा, वॉक म्हणजे काय तर अर्धा वेळ पळणंच, संध्याकाळी पोरगा गच्चीवर बॉल फेकायचा, ती जायची, आणायची, पुन्हा जायची, चाळीस-पन्नास वेळा सहज. ती कधी थांबलीच नाही. आम्ही म्हणायचो बघा कशी खुश आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस गच्चीवर बॉल पकडायला तिने वळण घेतलं, मागचा भाग टाइल्सवरून सरकला आणि ती पुढच्या डाव्या पायावर आपटली. ओरडली नाही. दोन सेकंद उभी राहिली आणि परत बॉलमागे गेली, पण पाय टेकवत नव्हती, तीन पायांवर उड्या मारत बॉल घेऊन आली आणि पोराच्या पायाशी ठेवला. अजून फेक म्हणून. ते मला अजूनही आठवलं की पोटात कसंतरी होतं. दुखत असताना सुद्धा ती थांबणार नव्हती, थांबवायचं आम्हालाच होतं आणि ते आम्ही केलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कॉम्प्युटरवर फोटो आला आणि मी तर रडायच्याच बेतात आले, कारण मनगटाच्या जरा वर हाडात आडवी काळी रेघ दिसत होती, सरळ तुटल्यासारखी. दोन्ही हाडांना. मी म्हटलं डॉक्टर, मोडलं का? ते म्हणाले, "नाही ताई, हे मोडलेलं नाही, हे तर अजून बनून राहिलंय." मग त्यांनी उजव्या पायाचा फोटो काढून शेजारी लावला, तिथेही तशाच रेघा. त्या काळ्या रेघेला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे हाड नसतं, मऊ कूर्चा असते, तिथूनच हाड लांबीने वाढतं. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही म्हणून ती जागा काळी दिसते. वाढ संपली की तिचं हाड होतं आणि रेघ बुजते.

त्यांनी समजावलेलं माझ्या शब्दांत सांगते. पिल्लाच्या पायात सगळ्यात कच्ची जागा तीच. मोठ्या कुत्र्याचा पाय मुरगळला तर शीर नाहीतर सांधा दुखावतो, पिल्लाचा तसाच मुरगळला तर ही प्लेट दुखावू शकते. आणि कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडं शेजारी शेजारी असतात, दोघांनी बरोबरीने वाढायला पाहिजे. एकाची प्लेट खराब होऊन ते थांबलं आणि दुसरं वाढतच राहिलं तर पाय धनुष्यासारखा वाकतो, मग ऑपरेशन लागू शकतं. लहान जातींमध्ये या प्लेटा साधारण आठ-दहा महिन्यांत बंद होतात, लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या कुत्र्याला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, खूप मोठ्या जातींना दीड वर्ष किंवा जास्तही. फल्ली तेव्हा साडेचार महिन्यांची होती आणि वजन 14 किलो. म्हणजे दिसायला मोठी, आत सगळं कच्चं.

आमचं नशीब की प्लेट सलामत होती, नुसता स्नायू ताणला होता. दोन आठवडे सक्तीचा आराम, फक्त शू-शीसाठी पट्ट्याने खाली, तेही उचलून.

त्याच दिवशी काटोलहून बाबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं तर बाबा एकदम गप्प झाले आणि मग म्हणाले, "अवं पोरी, गोऱ्ह्याले दोन दात आल्याबिगर त्याच्या मानेवर जू नाही ठेवत आपण, आन् तुमी त्या लेकराले पयवून राह्यले?" आमच्या गावी मी लहानपणापासून बघितलंय, गोऱ्हा कितीही मस्तीत असो, दावं तोडून गावभर उधळू दे, त्याला कोणी वखराला जुंपत नाही. अडीच-तीन वर्षांचा होतो, आधी नुसतं जू मानेवर ठेवून सवय करतात, मग रिकामी बंडी, आणि जुना शांत बैल जोडीला देतात. तोवर त्याने आपला कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, आणि बांधावर काय उड्या मारायच्या त्या माराव्यात. त्याच्या मस्तीला कोणी कामाची ताकद समजत नाही. हे मला माहीत होतं हो, घरातच होतं, पण कुत्र्याच्या बाबतीत डोक्यातच आलं नाही.

आता किती चालवायचं हा प्रश्न. नेटवर सगळीकडे एक हिशोब दिसतो, वयाच्या दर महिन्यामागे 5 मिनिटं, म्हणजे चार महिन्यांचं असेल तर 20 मिनिटं, दिवसातून दोनदा. आमचे डॉक्टर म्हणाले की यामागे पक्कं असं संशोधन काही नाही, पण ज्यांना अंदाजच येत नाही त्यांनी इथून सुरुवात केली तर नुकसान नाही. आणि हा हिशोब फक्त पट्ट्याने चालवायचा आहे, जिथे वेग आणि वेळ आपण ठरवतो आणि पिल्लू ओढलं जातं. ते स्वतःच्या मनाने घरात, अंगणात जे हुंदडतं, पडतं, झोपतं, उठून परत हुंदडतं ते यात धरायचं नाही, त्यात मनात आलं की ते थांबू शकतं. खरा फरक तिथेच आहे. नवऱ्याबरोबर पळताना किंवा बॉलमागे जाताना पिल्लू स्वतःचं थांबणं विसरतं.

मी हे नंतर वाचलं की नॉर्वेमध्ये चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर, त्यात लॅब्रॅडॉर पण होते, एक मोठा अभ्यास झाला, 2012 मध्ये छापून आला. जी पिल्लं पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढत-उतरत होती त्यांना पुढे खुब्याचा आजार, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, होण्याचा धोका जास्त निघाला, आणि ज्यांना त्याच वयात बाहेर मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं फिरायला मिळालं त्यांना कमी. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेवा असं अजिबात नाही, उलट हालचाल हवीच, फक्त जमीन कुठली आणि मर्जी कोणाची हे बघायचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सहा महिन्यांपर्यंत तिला उचलूनच नेलं-आणलं. शेवटी शेवटी 18-19 किलो झाली होती, माझी कंबर गेली, मग नवरा न्यायचा. आता चढू देतो, उतरताना हार्नेस धरून सावकाश, एकेक पायरी.

बॉल पूर्ण बंद नाही केला पण फेकणं बंद केलं. जमिनीवरून हळू घरंगळत सोडायचा, चार-पाच वेळा, संपलं. हवेत उंच फेकून उडी मारून पकडणं, फ्रिस्बी, असलं काही नाही, कारण उडी मारून उतरताना आणि पळता पळता एकदम ब्रेक लावताना सगळा भार त्या पुढच्या पायांवर येतो. दोरीची ओढाओढी खेळतो, पण खाली, तिच्या तोंडाच्या उंचीवर, आणि ती ओढते, आम्ही फक्त धरतो. दात बदलत होते तेव्हा तेही नाही.

मग ती दमायची कशी? नाकाने. मला हे आधी खरंच पटलं नव्हतं. त्या दोन आठवड्यांच्या आरामात ती घर डोक्यावर घेणार अशी माझी खात्री होती, तर डॉक्टरांनी सांगितलं की जेवण भांड्यात देऊच नका, शोधायला लावा. पहिल्या दिवशी मी तिचं सकाळचं खाणं जुन्या टॉवेलमध्ये पसरलं, टॉवेल गुंडाळला आणि समोर ठेवला. फल्लीने आधी पंजा मारला, मग टॉवेल ओढला, काही निघेना. मग ती बसली. नाक टॉवेलला लावलं आणि हुंगायला लागली, इतक्या जोरात की फुसफुस ऐकू यायची, शेपटी हळूहळू हलत होती, एकेक घडी नाकाने उलगडत गेली, दाणा सापडला की कुर्रम, परत नाक आत. बारा मिनिटं लागली. नंतर पाणी प्यायली आणि कूलरसमोर अशी आडवी झाली की दोन तास उठली नाही. फुटाळ्याहून पळून आल्यावर सुद्धा ती इतकी कधी झोपली नव्हती, उलट तेव्हा घरी येऊन सोफा कुरतडायची.

तेव्हापासून घरात रोज काहीतरी चालू असतं. अप्पेपात्रात तिच्या खाण्याचे दाणे टाकून वरून थोडं दही, चाटून चाटून एकेक खड्डा साफ करते. तीन वाट्या उलट्या ठेवून एकाखाली खाऊ, हे पोराचं आवडतं. गच्चीवर आता सतरंजी अंथरून तिच्यावर मूठभर खाणं विखरून देतो. आणि बाहेर नेलं की हुंगू देतो. लोक पिल्लाला वास घेऊ देत नाहीत, चल चल म्हणून ओढत नेतात, कृपा करून तसं करू नका. एका विजेच्या खांबाशी पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या, तिचा वॉक तोच आहे.

आमच्या मागे मनीष नगरकडे जाताना एक मोठा खाली प्लॉट आहे, माती आणि गवत. तिथे 20 फुटांची हलकी दोरी हार्नेसला लावून सोडतो, ती तिच्या मनाने फिरते, पळते, बसते. मोकळं सोडायची माझी हिंमत नाही, आसपास रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या दोन टोळ्या आहेत आणि त्यांचा पण तो इलाका आहे. पावसाळ्यात मात्र तिथे जाणं बंद, गवत गुडघ्याएवढं होतं, सापाची भीती आणि गोचिड्या तर विचारू नका. गोचिडीचा ताप नागपुरात बराच दिसतो, आल्यावर बोटांच्या मधे, कानात, शेपटीखाली बघायचं म्हणजे बघायचंच.

घरातली फरशी हा विषय लोक विसरतात. आपल्या सगळ्यांकडे चकचकीत टाइल्स नाहीतर मार्बल, पिल्लू त्यावर धावलं की पाय फाकतात. मी जुन्या सतरंज्या, योगा मॅट, पायपुसणी, जे होतं ते तिच्या जायच्या वाटेवर टाकलं. पाहुणे येतात तेव्हा घर विचित्र दिसतं, दिसू दे. तळव्यांमधले केस कापायचे, नखं कापायची. सोफ्यावरून, पलंगावरून, अ‍ॅक्टिव्हाच्या पायदानावरून उडी मारू द्यायची नाही, उतरवायचं.

आणि आता आपल्या नागपूरचं ऊन. यावर पिल्लू घेणाऱ्याने आधीच विचार करायला हवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि हवाच 45 डिग्री असेल तर धापा टाकून काय थंड होणार. एप्रिलपासून आमचा वॉक पहाटे सव्वापाचला, सहाच्या आत घरात. संध्याकाळचा तर नऊनंतर, कारण आपले सिमेंट रोड सूर्य मावळला तरी दोन-दोन तास धगधगत असतात. मी हाताची उलटी बाजू रस्त्याला लावते, सात सेकंद ठेवता आली नाही तर फल्ली खाली उतरत नाही, तिथून मागे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर आम्ही काही दिवस चालवलंच नाही. सगळं घरात, कूलरसमोर, नाकाचे खेळ, आणि बाल्कनीत टपात चार बोटं पाणी, त्यात ती बसून राहायची. एक-दोन आठवडे वॉक झाला नाही म्हणून पिल्लाचं काही बिघडत नाही, उन्हात नेलं तर बिघडतं. धापा थांबतच नाहीयेत, तोंडातून चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, चाल झोकांड्या खाणारी, उलटी, यातलं काही दिसलं तर तिथल्या तिथे सावलीत न्या, अंगावर साधं नळाचं पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे. बघू थोडा वेळ, असं अजिबात करू नका.

अजून एक, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू वेड्यासारखं घरभर धावतं, पायाला चावतं, तेव्हा सगळ्यांना वाटतं याची एनर्जी उरली आहे, अजून पळवा. बहुतेक वेळा उलटं असतं, ते लहान मुलासारखं झोप न झाल्याने चिडलेलं असतं. पिल्लांना दिवसाचे 18 तास झोप लागते. आमच्याकडे पोराचे मित्र येत-जात, टीव्ही चालू, तिला दुपारची झोपच मिळत नव्हती. आता दुपारी दोन ते पाच आतल्या खोलीत, पडदा ओढून, कोणी हात लावायचा नाही. चावणं जवळजवळ थांबलं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. पिल्लू घेतलं तेव्हा सामान घेतलेल्या दुकानात आम्हाला कॅल्शियमचं सिरप पण देण्यात आलं, मोठी जात आहे, हाडं मजबूत होतील म्हणून, आणि मी दोन महिने देत होते. डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर बंद करायला लावलं. पिल्लांचं नीट खाणं चालू असेल तर त्यात कॅल्शियम आधीच मोजून असतं, आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, त्यातलं बरंच आत जातं आणि हाडांची वाढच बिघडू शकते, विशेषतः मोठ्या जातींत. तसंच वजन. लॅब्रॅडॉर गोलमटोल गोड दिसतं पण तो भार सांध्यांवर असतो. 48 लॅब्रॅडॉरवर झालेला एक जुना अभ्यास आहे, एकाच वेताच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. फल्लीच्या फासळ्या मला हात फिरवला की लागतात, दिसत नाहीत, तेवढंच ठेवते. शेजारच्या काकूंना ती बारीक वाटते, मी काकूंना रोज समजावते.

एक गोष्ट बघितली की मात्र माझ्या डोक्यात तिडीक जाते. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर सकाळी एक जण मोपेडवर बसून, एका हातात पट्टा धरून, सहा-सात महिन्यांच्या हस्कीला शेजारून पळवत नेतो. चढावर. त्या पिल्लाला थांबायचं असेल तर ते थांबू शकत नाही, पट्टा गळ्यात आहे. जीभ बाहेर, डोळे गाडीकडे. मी एकदा थांबवून बोलले, तो म्हणाला मॅडम याला आवडतं. आवडत असेलच. फल्लीला पण तीन पायांवर बॉल आवडत होता.

लंगडणं चोवीस तासांत गेलं नाही, झोपून उठल्यावर पाय आखडलेला वाटला, जिना चढायला नको म्हणू लागलं, मागचे दोन पाय सशासारखे एकदम टाकू लागलं, तर दाखवून या. कधी कधी मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये लंगडणं आज या पायात, उद्या त्या पायात असं फिरतं, ते वाढीच्या वयातलं एक दुखणं असतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं, पण ते तेच आहे हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही. आणि माणसांची पेनकिलर देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी होते.

सध्या फल्लीचे दोन वॉक होतात, सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा, बराचसा हुंगण्यात जातो. नवरा अंबाझरी तलावाकडे पळायला एकटाच जातो. बूट घातल्याचा आवाज आला की ती दारात जाऊन उभी राहते, तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो फेब्रुवारीत बघू, कारण तेव्हा ती पंधरा महिन्यांची होईल आणि डॉक्टरांनी परत एक्स-रे काढायला बोलावलंय. मग मी टॉवेल गुंडाळून आणते. पुढच्या आठवड्यात पोळा आहे, आम्ही काटोलला जाणार, फल्ली पहिल्यांदाच गाव बघणार. बाबांनी कोठ्याच्या मागची कपाशी सोडून मोकळी ठेवलेली जागा तिच्यासाठी साफ करून घेतलीय, दगड, काटे, काच सगळं वेचून, आणि कालच फोनवर विचारत होते की तिला सोडायची दोरी किती फुटांची आहे.